पहिला घोट पाजणाऱ्याचा

सिनेमावाल्यांना माणुसकीची फार भूक. स्वतःच्या घरात मिळाली नाही की दुसऱ्याच्या तळघरात शोधत फिरतात. आमच्या जुन्या तळघरात ती पोत्यांनी भरून ठेवलीय, असं ब्रूनो नावाच्या दिग्दर्शकाला कोणीतरी सांगितलं आणि ऐन थंडीत तो ला तेखा या कामगारवस्तीतल्या आमच्या दारात येऊन उभा राहिला. गळ्यात लोकरीचा मफलर, पायात फाटके बूट. मुद्दाम फाटके. बंगल्यांत वाढलेली मुलं आमच्या वस्तीत येताना असेच बूट घालतात, आम्हाला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून.

"नेलिदाबाई, हा सिनेमा राजकारणावर नाहीये," तो म्हणाला. "पळवणारे आणि पळवलेला, यांच्यामध्ये जे माणूसपण उरतं ना, त्याच्यावर आहे."

"राजकारण नव्हतं तर त्या माणसाला आम्ही कशाला पळवला होता? रविवारी रवियोली खायला?"

तो हसला. अशा लोकांना टोचलं तरी गुदगुल्याच होतात. जाताना सिनेमाची संहिता टेबलावर ठेवून गेला. म्हणाला, वाचा आणि घरातलं सामान, भांडीकुंडी कशी होती तेवढं येऊन सांगा.

ती गोष्ट आमच्या मोन्तेविदेओ शहरात सगळ्यांना ठाऊक आहे, पण जी ठाऊक आहे ती अशी. लष्कराने देश ताब्यात घेण्याच्या आदल्या वर्षी आमच्या भूमिगत संघटनेने फेर्मीन अर्रार्ते या बँकवाल्याला त्याच्या मोटारीतून उचललं. मंत्र्याचा मेव्हणा होता तो. एका लहानशा घराखालच्या तळघरात त्याला कित्येक महिने ठेवला. वरती शेजाऱ्यापाजाऱ्यांना दाखवायला नवं लग्न झालेलं जोडपं राहत होतं. ते जोडपं म्हणजे मी आणि माझा नवरा एल्बियो. मी शाळेच्या मुलांचे पांढरे डगले शिवायचे, एल्बियो लोकर धुण्याच्या कारखान्यात जायचा. खाली कैद्यावर पहारा करायला पाळीपाळीने तिघे. एल्बियो, लीबेर नावाचा आमचा एक तरुण सोबती, आणि अनिबाल, आमचा कमांडर. तिघांच्याही तोंडावर काळे बुरखे.

आम्ही मागितलं होतं तसं आमचं जाहीरनाम्याचं पान सगळ्या वर्तमानपत्रांनी छापलं आणि आम्ही अर्रार्तेला सोडून दिलं. मग लष्कराने शहर पिंजून काढलं. कारखान्यातून माणसं उचलली, त्यांत एल्बियोही होता. तो आत असतानाच लीबेरला बसमधून उतरवून नेलं. लीबेर बराकीतून जिवंत बाहेर आला नाही. एल्बियो आला. झालं, सगळ्या सोबत्यांनी मनातल्या मनात हिशेब मांडला: एक मेला, एक सुटला, म्हणजे सुटलेल्याने मेलेल्याचं नाव सांगितलं. एल्बियोने मला एकदाच सांगितलं, "मी नाव घेतलं नाही." मी परत विचारलं नाही. नवऱ्याचं खोटं मला चुलीपासून दारापर्यंत ओळखू येतं आणि ते खोटं नव्हतं.

तोंडावर त्याला कोणीही काही बोललं नाही. तेवढी छाती लागते. त्यांनी फक्त भोपळा द्यायचं बंद केलं. आमच्याकडे माणसं जमली की वाळक्या भोपळ्यात येरब्याचा पाला भरतात, वरून गरम पाणी ओततात आणि एकाच नळीने सगळे आळीपाळीने पितात. शत्रू घरी आला तरी त्याला फेरीतून वगळत नाहीत. एल्बियोला वगळलं. मयतीला, लग्नाला, निवडणुकीच्या सभेला, भोपळा त्याच्यापर्यंत यायचा आणि पाजणारा हात त्याच्या पुढून लांब करून पलीकडच्याला द्यायचा. पुढे पुढे एल्बियोने जाणंच सोडलं. सकाळी स्वयंपाकघरात खिडकीशी एकटा बसून पितो. मी असते समोर, पण मला पोटाचं दुखणं, मला येरबा चालत नाही.

तर ती संहिता मी वाचली. तळघर होतं, बुद्धिबळ होतं, रडणं होतं, कमांडर कैद्याच्या मुलीचा फोटो बघून गहिवरतो तेही होतं. आणि शेवटाकडे एक प्रसंग: बराकीत तो वरच्या घरातला नवरा खुर्चीवर बसलाय, त्याला धड मारलेलंही नाही, आणि तो हुंदके देत देत सोबत्याचं नाव सांगतो. सोबत्याला नेतात. नवऱ्याला सोडून देतात. तो घरी येतो आणि बायको त्याला गरम सूप वाढते.

मी संहिता शिवणयंत्राच्या खणात टाकली. एल्बियोची फुप्फुसं लोकरीच्या धुरळ्याने कधीच संपलीत, डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय की हा हिवाळा निघाला तरी नशीब. आता जाता जाता त्याला पडद्यावर रडका चुगलखोर करून साऱ्या देशाला दाखवणार होते. तो प्रसंग सिनेमातून निघाला पाहिजे, बास, मला दुसरं काही नको होतं. दुसऱ्या दिवशी एल्बियो वाफ घ्यायला दवाखान्यात गेला आणि मी कोट चढवून बंदराकडे निघाले.

बंदराजवळच्या लोकरीच्या गोदामात त्यांनी तळघर बांधलं होतं. लग्नाचा नाच झाला असता एवढं मोठं. आमच्या तळघरात अर्रार्तेला धड उभं राहता यायचं नाही आणि ओल एवढी की त्याच्या उशीवर बुरशी यायची. इथे भिंतींना ओल रंगवलेली होती, छान हिरवीगार. मधोमध बुद्धिबळाचा पट. फेर्मीन अर्रार्तेला बुद्धिबळ येत नव्हतं. अनिबालला तर पत्त्यांतला साधा डावही कधी जिंकता आला नाही, पण आता तो सिनेटर झालाय आणि मुलाखतींत बुद्धिबळाबद्दल बोलतो.

तो तिथे होताच, पाठीवर नाव लिहिलेल्या खुर्चीत. पांढरी दाढी, अंगात चांगलं कापड. तुरुंगात त्याने बरीच वर्षं काढली, विहिरीसारख्या कोठडीत, ते मी नाकारत नाही. पण माणूस दुःखातून गेला म्हणून शहाणा होतोच असं नाही. काही नुसतेच फुगतात.

"नेलिदा," तो उठून म्हणाला. "किती वर्षांनी दिसतेयस."

"तू टीव्हीवर दिसतोस. मी दिसत नाही, एवढाच फरक."

"एल्बियो कसा आहे?"

"श्वास घेतोय अजून. त्यावर तुमची बंदी नाही ना?"

त्याने हसल्यासारखं केलं. तेवढ्यात ब्रूनो आला, मी आल्याचा त्याला फार आनंद झाला होता. मी कोटाची बटणं सोडली नाहीत. "तो बराकीतला प्रसंग काढा," मी म्हटलं. "तसं घडलेलं नाही."

"पण बाई, त्यात तुमच्या यजमानांचं नाव कुठेय? पात्राचं नाव रूबेन आहे."

"तळघराच्या वर जोडपी किती राहत होती?"

"एक."

"मग तुमच्या रूबेनला कोण ओळखणार नाही? ला तेखातलं कुत्रंसुद्धा ओळखेल."

ब्रूनोने छातीवर हात ठेवला. "आम्ही त्याला दोष देत नाही. उलट तो सगळ्यांत माणूस वाटतो बघा. त्याचं मोडणं बघून आमची कॅमेरावाली रडली. सिनेमातला सगळ्यांत चांगला प्रसंग आहे तो. आणि चित्रित करूनही झाला."

अनिबालने माझ्या दंडाला हात लावला, सभेत म्हाताऱ्या बायकांना लावतो तसा. "नेलिदा, आम्ही एल्बियोला कधीच माफ केलंय. मार पडला की कोणीही बोलतं. मी स्वतः कित्येकदा जाहीरपणे सांगितलंय, चुगली करणाऱ्यालाही समजून घ्यायला हवं."

वा रे वा. आयजीच्या जिवावर बायजी उदार. न केलेल्या पापाची माफी, तीही सभेत, टाळ्या घेऊन. मी हात झटकून टाकला आणि म्हटलं, "तुझी माफी तुझ्या खिशात ठेव. निवडणुकीत उपयोगी पडेल."

पुढचं बोलणं तिथेच थांबलं, कारण दारातून फेर्मीन अर्रार्तेची चाकांची खुर्ची आत आली. नात ढकलत होती. दुपारी वर्तमानपत्रवाले येणार होते, कैदी आणि कमांडर एकमेकांना मिठी मारतायत असा फोटो काढायला. नव्वदी गाठलेला माणूस, गुडघ्यांवर शाल, पण डोळे अगदी तरतरीत. सगळं गोदाम त्याच्याभोवती गोळा झालं, कोणी संतच आल्यासारखं. त्याचं एक वाक्य देशभर प्रसिद्ध आहे, शाळेतली मुलंही पाठ म्हणतात: त्यांनी मला माणसासारखं वागवलं, म्हणून मी कोणालाही ओळखलं नाही. त्या वाक्यावर हा अख्खा सिनेमा उभा होता.

त्याने मला मात्र लगेच ओळखलं. खाली असताना त्याने माझा चेहरा कधी पाहिला नव्हता, पण वरचा आवाज रोज ऐकला होता; नातीला वाट करून देत मी "या" म्हटलं, त्यावरून ओळखलं. "तुम्ही वरच्या ना? मसूर फार खारट करायच्या."

"खारट असायचे तरी वाडगा चाटूनपुसून वर यायचा, फेर्मीनसाहेब."

तो खदखदून हसला. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला तो आवडला. पैसेवाला असला तरी आपल्याच मातीतला, उगाच गोड बोलणारा नव्हता.

जेवणाआधी एक प्रसंग उरकायचा होता. खोट्या तळघरात दिवे लागले. कैद्याचं काम करणारा स्पेनचा नट खाटेवर बसला, लीबेर झालेला नट बुरखा घालून समोर स्टुलावर. तळघरातली पहिली सकाळ, असा प्रसंग. बुरखेवाल्याने किटलीतलं पाणी भोपळ्यात ओतलं आणि दोन्ही हातांनी, देवळात दिवा द्यावा तसा, तो भोपळा कैद्यापुढे धरला. कैद्याने थरथरत्या ओठांनी नळी तोंडात घेतली. सगळे श्वास रोखून बघत होते.

"थांबा, थांबा," फेर्मीनसाहेब खुर्चीतून ओरडला. "हे काय चालवलंय? पहिला घोट पाजणाऱ्याचा असतो. कुठल्या देशात राहता तुम्ही?"

ब्रूनोने चित्रीकरण थांबवलं. "माहितेय साहेब, पण आधी कैद्याला दिलं तर जास्त सुंदर दिसतं. त्याग दिसतो."

"कसला त्याग? पहिला घोट गाळाचा, कडूजहर, पाणी धड मुरलेलं नसतं. तो समोरच्याला देणं म्हणजे तोंडावर थुंकणं. तो मुलगा तसा नव्हता हो. कोणाचा होता देव जाणे, पण रीतभात होती त्याला. मी त्यांचा कैदी, तरी मला एकदाही पहिला घोट दिला नाही. रोज सकाळी बुरखा असा नाकापर्यंत वर करायचा." म्हाताऱ्याने शालीचं टोक धरून स्वतःच्या नाकापर्यंत नेऊन दाखवलं. "पहिला स्वतः ओढायचा, तोंड वाकडं करायचा, आणि मग माझा भरायचा. म्हणून तर त्याची हनुवटी माझ्या एवढी लक्षात राहिली. डावीकडे खळी, वरच्या ओठावर टाका घातल्याची खूण. मी सांगत गेलो आणि चित्रकार काढत गेला. असा हुबेहूब उतरला, मी थक्क झालो."

सांगून झाल्यावर तो समाधानाने मागे टेकला. येरब्याच्या बाबतीत आमची माणसं अशीच. एक वेळ देश चुकीचा चालला तर चालेल, पण भोपळा कोणी चुकीचा पाजला की आमच्याने राहवत नाही. लीबेरलाही राहवलं नव्हतं. बुरखा उचलायचा नाही हा नियम होता, पण समोर माणूस बसलेला असताना एकट्याने प्यायचं कसं, आणि पाजायचं तर स्वतः पहिला घोट घेतल्याशिवाय पाजायचं कसं? त्या रीतीपायी त्याने आपलं तोंड दाखवलं आणि ती रीत दुरुस्त करण्यापायी ह्या म्हाताऱ्याने आपलं.

मी पुढे झाले. "कुठला चित्रकार, फेर्मीनसाहेब?"

"लष्कराचा. सुटून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी कर्नल त्याला घरी घेऊन आला होता. आमच्या हिने चहा केला…" आणि मग त्याचं त्यालाच ऐकू आलं. हात शालीवर तसाच राहिला.

"आजोबा," नात हळूच म्हणाली, "तुम्ही तर कोणालाच ओळखलं नाही ना?"

"नाव कुठे सांगितलं मी?" म्हातारा पुटपुटला. "नाव मला माहीतच नव्हतं. हनुवटी सांगितली फक्त."

हनुवटी सांगितली फक्त. मुंडकं कापून दिलं, टोपी नाही दिली. कोणीतरी माझ्यामागे खुर्ची सरकवली, पण त्या लोकांची खुर्ची मी घेतली नाही. मी अनिबालकडे बघितलं. मला वाटलं होतं की तोही माझ्यासारखाच हादरला असेल. तो आपल्या बुटांकडे बघत होता. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या, पण आश्चर्य काही त्याच्या तोंडावर नव्हतं.

"तुला माहीत होतं," मी म्हटलं.

"इथे नको, नेलिदा."

"इथेच. कधीपासून?"

त्याने मला बाजूला, रंगवलेल्या ओलीच्या मागे नेलं. तिथे नुसत्या फळ्या आणि खिळे होते. "लष्कर गेल्यावर त्यांच्यातल्या एकाने मला सांगितलं," तो म्हणाला. "चित्र छापलं नव्हतं, फक्त शिपायांच्या खिशांत होतं. बसमध्ये एका शिपायाने ओळखला त्याला."

"आणि तू गप्प बसलास."

"काय सांगणार होतो? की बुरखे उचलत होते ते मला ठाऊक होतं? मीही तिथेच बसून तो भोपळा प्यायलोय, नेलिदा. नियम माझा, आणि मोडू दिला मीच. लीबेरच्या आईला जाऊन हे सांगू? तोवर सगळ्यांनी एल्बियोचं नाव धरलंच होतं. लोकांच्या मनात एक गोष्ट बसली की बसली."

"बसली नाही, तू बसवलीस. माफ करत करत बसवलीस."

क्षणभर त्याचा चेहरा जुन्या अनिबालसारखा झाला, घाबरलेल्या पोरासारखा, दारावर टकटक झाली की सगळ्यांत आधी जिना उतरून तळघरात पळणाऱ्या. मला त्याची दया यायला हवी होती, असं ब्रूनो म्हणाला असता. मला किळस आली.

बाहेर ब्रूनो केसांत बोटं घालून फेऱ्या मारत होता. मी म्हटलं, "ऐकलंत ना? आता काढा तो प्रसंग."

"बाई, हे जबरदस्त आहे. खरंच. अंगावर काटा आला माझ्या." त्याने हात पुढे करून मला काटा दाखवला. "पण मग कैदी काय ठरतो? सिनेमाचा आत्माच तो आहे. शिवाय स्पेनच्या लोकांनी हीच कथा वाचून पैसे घातलेत. विश्वासघात आतूनच यायला लागतो, गोष्टीची तशी गरज असते."

"गोष्टीची गरज. आणि माझ्या नवऱ्याची?"

"त्यांच्याबद्दल मला अतिशय आदर आहे," तो म्हणाला. गाढवापुढे वाचली गीता.

राहिला म्हातारा. मी त्याच्या खुर्चीसमोर उकिडवी बसले, गुडघे कुरकुरले, म्हटलं, कुरकुरू देत. "फेर्मीनसाहेब, दुपारी पेपरवाले येतील. त्यांच्यापुढे आत्ता बोललात तेच बोला. एल्बियो तुम्हाला रोज जेवण आणून द्यायचा. तुम्हाला धाप लागली की तुमची पाठ चोळायचा. तो मरायला टेकलाय. एक वाक्य बोला."

त्याने माझा हात हातात घेतला. हात ऊबदार होता, मऊ. "तो भला माणूस होता हो. मला आठवतो. पण तुम्हीच विचार करा. सगळं आयुष्य लोकांनी मला एका वाक्यासाठी मान दिला. माझ्या मुली, नातवंडं. नव्वदीचा झालो मी. आता हे बोललो तर मी काय म्हणून मरू?"

"आणि एल्बियो काय म्हणून मरेल?"

डोळ्यांत पाणी आलं त्याच्या, खरं पाणी. माझा हात मात्र त्याने सोडला.

मी फोटोपर्यंत थांबले. का थांबले माहीत नाही, बहुतेक म्हातारा ऐन वेळी बोलेल असं वेड्या मनाला वाटत होतं. पेपरवाले आले. अनिबाल खाली वाकला, फेर्मीन अर्रार्तेने त्याच्या गळ्यात हात टाकले, आणि दोघांनी एकमेकांना अशी घट्ट मिठी मारली की दोन्ही नटांना ती जमली नसती. दोघेही रडत होते. एका पोरीने विचारलं, साहेब, एवढ्या वर्षांनी काय वाटतं? "त्यांनी मला माणसासारखं वागवलं," फेर्मीनसाहेब म्हणाला, आणि पुढचं अर्धं वाक्य त्याने गिळलं. पोरीने ते स्वतःच पूर्ण करून म्हटलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पळवणारा आणि पळवलेला एकमेकांना शेवटी खरंच समजले होते. वरून कीर्तन, आतून तमाशा.

घरी पोचले तेव्हा एल्बियो स्वयंपाकघरात खिडकीशी बसून वाटाणे सोलत होता. माझं तोंड बघून त्याने वाटी बाजूला ठेवली. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, संहितेपासून मिठीपर्यंत. मधे मधे शिव्याही दिल्या. तो ऐकत राहिला, धाप लागू नये म्हणून टेबलाची कड धरून. माझं संपल्यावर म्हणाला, "शेवटी बोलला तर."

"म्हणजे?"

"मला ते चित्र दाखवलं होतं आत. हा कोण, म्हणून. अर्धंच तोंड, नाकाखालचं. बघितलं आणि समजलं. लीबेरचं नुसतं नाकाखालचं तोंड बाहेरच्या एकाच माणसाने पाहिलं होतं."

मी खुर्ची ओढली आणि बसले. "तुला माहीत होतं. इतकी वर्षं."

"हो."

"आणि बाहेर आल्यावर बोलला नाहीस? लोक तुझ्या पुढून भोपळा नेत होते आणि तू बघत बसलास?"

"कोणाला सांगणार होतो नेलिदा? अनिबाल तेव्हा अजून पकडला गेला नव्हता. संघटनेजवळ पिस्तुलं होती. लीबेर गेल्याने सगळे पिसाळले होते. मी म्हटलं असतं, म्हाताऱ्याने दाखवला, तर आठवड्याच्या आत त्याला त्याच्या दारात गोळी घातली असती. रोज ज्याला जेवण नेलं, धाप लागली की ज्याची पाठ चोळली, त्याला कसा मारायला देऊ? तीन पोरी होत्या त्याच्या. कर्नल चित्रकार घेऊन घरात बसलाय, तो तरी काय करणार होता."

"आणि लष्कर गेल्यावर? मग तर पिस्तुलं नव्हती ना कोणाकडे?"

तो श्वास जमवून म्हणाला, "मग ती चुगलीच झाली असती. जो चुगली केली नाही म्हणून आयुष्यभर चुगलखोर ठरला, त्याने म्हातारपणी ते खोडायला चुगली करायची?"

मला त्याच्या पाया पडावंसं वाटलं आणि त्याच्या डोक्यात वाटाण्यांची वाटी घालावीशी वाटली, दोन्ही एकदम. मी रडले. रडता रडता भांडले. "तू म्हाताऱ्याची मान वाचवलीस आणि त्या दावणीला माझं आयुष्य बांधलंस. मला विचारलं होतंस? बेकरीत माझ्यामागे बायका कुजबुजायच्या, तुझ्या आईच्या मयतीला तिघेजण आले होते. मला एकटीला सांगितलं असतंस तर काय बिघडलं असतं?"

"तू त्याच संध्याकाळी छपरावर चढून ओरडली असतीस."

"असतेच ओरडले."

"म्हणून," तो म्हणाला, आणि पुन्हा वाटाणे सोलायला लागला. थोड्या वेळाने मीही सोलायला बसले, कारण संध्याकाळच्या सुपाला दुसरं काही घरात नव्हतं.

हिवाळा निघाला आणि एल्बियोही निघाला त्यातून, डॉक्टरांना तोंडात बोट घालायला लावून. सिनेमा वसंतात लागला. तो प्रसंग आहेच, जसाच्या तसा, सूपसुद्धा आहे. मी शहरातल्या मोठ्या थिएटरात एकटीच गेले, तिकीट काढून. शेवटी कैदी आणि कमांडर एकमेकांचा निरोप घेतात, तिथे अख्खं थिएटर मुसमुसत होतं. शेजारच्या बाईने डोळे पुसत मलाही एक रुमाल दिला, कागदी. म्हणाली, "काय माणुसकी होती हो त्या लोकांत."

"होती ना," मी म्हटलं. "ला तेखात आहे. घरी खोकत बसलीय."

तिला वाटलं, म्हातारी बरळतेय. ती पर्स उचलून उठायला लागली, तशी मी तिची बाही धरली आणि तिला परत खाली बसवलं. आणि पडद्यावर नावं वर सरकत होती तेवढ्या वेळात तिला खरी नावं सांगितली, अर्रार्तेचं, अनिबालचं, लीबेरचं, आणि माझ्या नवऱ्याचं सगळ्यांत मोठ्याने, पुढच्या रांगेतले वळून बघेपर्यंत. एल्बियोने मला गप्प राहा म्हणून सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी मी ऐकलं नसतं.